साठ्याचा जबाबदार माणूस

३ मार्च, सोमवार

आज अर्ज आणला. सोळा पानं. तो आणायला दोन बसा बदलून गेले, आणि तिथल्या खिडकीतली बाई म्हणते, "मूळ प्रतीवरच भरायचा, झेरॉक्सवर नाही. आणि खाडाखोड चालणार नाही." म्हटलं, अगं बाई, सोळा पानांत एकदाही न चुकणारा माणूस मद्यविक्रीचा परवाना कशाला मागेल? हे मनात म्हटलं. तोंडावर म्हटलं, "बरं."

दुपारचे तीन वाजलेत. गल्ल्यावर बसून लिहितेय, कारण दुसरं काही काम नाही. चौदा टेबलं. त्यातल्या एकावर एक म्हातारा पेपर वाचतोय, त्याचा चहा संपून अर्धा तास झाला. दुपारच्या जेवणाला माणसं अजून येतात. संध्याकाळी मात्र शुकशुकाट. कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलला गेल्या वर्षी परवाना मिळाला आणि आमचं संध्याकाळचं गिऱ्हाईक उठून तिकडे गेलं. चुकून कोणी आलाच तर बसतो, मेनूकार्ड उलटंपालटं करतो आणि आचाऱ्याला विचारतो, "बाकी काही नाही का मिळत?" बाकी काही म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आचारी बावीस वर्षं आमच्याकडे आहे, मुळात शांत माणूस. परवा तोही म्हणाला, "ताई, मी संध्याकाळी दोन कोंबड्या भाजतो आणि दोन्ही आपणच खातो. मला आता तो वास नको झालाय."

बाबांनी हे हॉटेल उभं केलं, एकतीस वर्षं मी चालवतेय. हिचं लग्न हॉटेलशीच लागलंय, असं आई म्हणायची. नवरा म्हणून हॉटेल काही वाईट नाही, उलट बोलत नाही. पण ते असं माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलं तर मी कुठे जाऊ? मला दुसरं काही येत नाही.

धाकट्याला सांगितलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण आमच्या घरात धाकटाच. तो मोरीत पातेली घासत होता. म्हणाला, "तुला हवं असेल तर कर, ताई." आणि घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. म्हटलं, अरे, ते झालंय. "हो का," म्हणाला, आणि घासतच राहिला. लक्ष कुठे असतं देव जाणे.

५ मार्च, बुधवार

दिवसभर अर्ज. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, जागेची लांबी, रुंदी, संडास किती. नवव्या पानावर गाडी अडली. तिथे 'साठ्याची जबाबदार व्यक्ती' असा रकाना आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अर्जदार आणि ही व्यक्ती एकच असून चालणार नाही. म्हणजे मी नाही. ह्या माणसाजवळ साठ्याच्या खोलीची किल्ली चोवीस तास राहणार. माल त्यानं उतरवून घ्यायचा, बाटल्या त्यानं मोजायच्या, एखादी फुटली तरी त्यानंच लिहून ठेवायचं.

आधी आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी सही करणार नाही. आणि ताई, धाकट्या मालकांचीही घेऊ नका." म्हटलं, का? तर म्हणे, "उगाच कागदात अडकायला नको." कागदाला इतका भिणारा माणूस मी पाहिला नाही.

मग धाकट्याचं नाव घातलं. खरं सांगायचं तर घालताना मला बरंच वाटलं. दुखण्यातून उठून त्याला चार वर्षं झाली, लोक त्याच्याशी बोलताना अजून आवाज बारीक करतात, आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखे. एकदा त्याच्या कमरेला किल्ली दिसली की गप्प बसतील सगळे. आपल्यावर कोणी विश्वास टाकला की माणूस ताठ चालतो.

त्याच्या खाली एक प्रश्न होता. सदर व्यक्तीने व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले आहेत काय? होय, नाही. मी 'नाही'वर खूण केली. त्याला झालं होतं ते पोटाचं दुखणं. आई जाईपर्यंत तेच म्हणत होती, पाहुण्यांना आम्ही तेच सांगितलं, शेजारपाजारही तेच धरून चालतो. तीन महिने त्याला जिथे ठेवलं होतं तिथल्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे, पण पाटी म्हणजे काही सगळं नव्हे. पोट बिघडलंच होतं की त्याचं. डॉक्टरांनीच म्हटलं होतं, यकृत सुजलंय. यकृत पोटातच असतं.

धाकट्यानं सही केली. अक्षर वेडंवाकडं आलंय. पेन नवं होतं, घसरत असणार.

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा खिडकीतली बाई. "फोटोत कान दिसत नाहीत." म्हटलं, कान आहेत हो, हे बघा, केसांच्या मागे. "मला दिसून उपयोग नाही, फोटोत दिसायला हवेत." वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कानामागे केस खोचून फोटोवाल्यासमोर बसले. त्यात मी एखाद्या भुरट्या चोरासारखी दिसते. बाईला तो पसंत पडला.

अर्ज जमा झाला. गुडघे बोंबलतायत.

११ मार्च, मंगळवार

दारावर नोटीस लागली. एकवीस दिवस ठेवायची, कोणाचा आक्षेप असेल तर त्यानं कार्यालयात द्यायचा. समोरचे शिंपी रस्ता ओलांडून आले, गळ्यात टेप, आणि प्रत्येक ओळीवर बोट फिरवत वाचत राहिले. पंचवीस वर्षांचा शेजार. माझी सगळी पोलकी त्यांनीच शिवलेली, त्यामुळे माझी जाडी कधी किती वाढली हे फक्त त्यांना ठाऊक.

वाचून झाल्यावर म्हणाले, "धाकट्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय? सहीच आहे त्याची आत."

"सही असेल. विचारलंत का?"

म्हटलं, काका, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक उभं आहे. गेले.

१४ मार्च, शुक्रवार

विशेष काही नाही. दोन कोंबड्या.

१८ मार्च, मंगळवार

निरीक्षक येऊन गेला. कोवळा पोरगा, पण तोरा केवढा! सगळं मापलं. साठ्याच्या खोलीला एकच दार हवं, रस्त्याकडे खिडकी नको, लोखंडी पट्टी हवी. आमच्याकडे तशी एकच जागा आहे, तांदळाची पोती ठेवतो ती मागची खोली. आणि तिचं दार उघडतं धाकट्याच्या खोलीत. हॉटेलच्या मागची ती खोली त्यानं आजारातून उठल्यावर मागून घेतली होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर एक कॅलेंडर, त्यावर रोज एक फुली. कसली फुली म्हणून मी एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "दिवस मोजतो." मोजेना का. दर गुरुवारी संध्याकाळी त्याची बैठक असते, तिथे सगळे तसेच, दिवस मोजणारे. एकमेकांना काय सांगतात कोण जाणे. मी त्या भानगडीत पडत नाही.

निरीक्षक खूश झाला. "म्हणजे जबाबदार माणूस दारातच झोपणार. आदर्श जागा आहे."

धाकट्यानं विचारलं, "दार दुसऱ्या बाजूनं काढता येईल का?"

दुसऱ्या बाजूला मोरीचा नळ. नाही येत. धाकटा बराच वेळ त्या दारापाशी उभा होता. मग म्हणाला, "पोती कुठे हलवायची?" कामाला वाघ आहे, मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत.

२२ मार्च, शनिवार

फळ्या तो स्वतःच करतोय. सुतार बोलावू म्हटलं तर नको म्हणाला. लाकडात त्याचा हात चांगलाच आहे. कप्प्यांची उंची ठरवायला एखादी रिकामी बाटली आणून देऊ का म्हणून विचारलं. त्यानं मान हलवली आणि लाकडावर पेन्सिलीनं रेघा मारल्या. मोठ्या बाटलीची उंची, लहानीची, चपटीची, सगळी तोंडपाठ. मी मुद्दाम दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलमागे जाऊन एक रिकामी बाटली उचलून आणली आणि लावून पाहिली. एका बोटाचाही फरक नाही! हुशार तो लहानपणापासूनच होता, फक्त दिशा मिळाली नाही. मी त्याला तसं म्हटलं. तो बाहेर जाऊन चहा पीत बसला. हल्ली दिवसाला पंधरा कप होतात त्याचे.

जेवत मात्र काही नाही. पोट पुन्हा बिघडलंय की काय म्हणून मनात आलं. विचारलं नाही.

२९ मार्च, शनिवार

आक्षेप आला!

कार्यालयातून नक्कल आली. नाव झाकलेलं, म्हणे सुनावणीपर्यंत नाव सांगत नाहीत. टाईप केलेली एकच ओळ. "या ठिकाणी परवाना दिल्यास एका माणसाच्या जिवाला धोका आहे." बस्स, एवढंच. कोणाच्या जिवाला, कसला धोका, काही नाही.

माझं डोकंच फिरलं. सरळ समोर गेले. शिंपी काजं करत होते. म्हटलं, काका, पंचवीस वर्षांत तुमचं काय वाकडं केलं मी? तुमची बायको गेली तेव्हा महिनाभर डबा कोणी दिला? आणि माझ्याच पोटावर पाय आणता? आणखीही पुष्कळ बोलले. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून ऐकत होते. तोंड सुटलं की मला आवरत नाही, हे मला आधीपासून माहीत आहे.

त्यांनी सुई खाली ठेवली. "मी नाही केला, ताई. पण ज्यानं केलाय तो तुमचा वैरी नाही."

"मग कोण आहे ते सांगा ना!"

"ते त्यानं सांगायचं."

म्हणजे ठाऊक आहे आणि सांगत नाही. असला साळसूदपणा मला सहन होत नाही. परत आले तर धाकटा दारात उभा, चेहरा पांढराफटक. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "काकांना कशाला बोललीस, ताई? त्यांनी काय केलंय?" म्हटलं, तू गप्प बस, तुला जग कळत नाही.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी भांडी लावताना धाकटा एकदम म्हणाला, "ताई, माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाचं नाव घालता येईल का?"

मी म्हटलं, नाव बदललं की अर्ज पहिल्यापासून. पुन्हा सोळा पानं, पुन्हा कान. आणि दुसरं आहे कोण? आचारी हात लावत नाही. सगळं मीच करू का? बाबा गेल्यापासून मीच करतेय ना? तुला एक किल्ली सांभाळायला सांगितली, तीही जड झाली का?

"बरं," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं. एवढं लागेल असं बोलायला नको होतं. पण तोही असा, मध्येच काहीतरी काढतो, कारण सांगत नाही, आणि आपण चिडलो की बरं म्हणून मोकळा. सांग ना काय ते! मी काय खाऊन टाकते का?

तो सांगेल की काय, अशी मला भीती वाटते. हे लिहिलं खरं. का लिहिलं ते कळत नाही. खोडत नाही, इथे खाडाखोड चालते, पण खोडत नाही.

७ एप्रिल, सोमवार

शनिवारी कंपनीचा विक्रेता आला होता. "परवाना आलाच समजा," म्हणत नमुन्याचं खोकं ठेवून गेला, सहा बाटल्या. मी ते धाकट्याच्या हातात दिलं, फळ्यांवर लावून बघ म्हटलं, कसं दिसतं ते. त्यानं ते दोन्ही हातांनी लांब धरून आत नेलं.

आज सकाळी त्या दिवशीचा वाद मिटवावा म्हणून समोर गेले (मिटवायचाच होता, मी काही दगड नाही), तर शिंप्याच्या मशीनखाली तेच खोकं! चिकटपट्टीसुद्धा तशीच. मी म्हटलं, हे इथे कसं? शिंपी म्हणाले, "धाकट्यानं शनिवारीच आणून ठेवलं. सांभाळा म्हणाला."

बरं म्हणून घरी आले आणि धाकट्याला फैलावर घेतलं. अरे, ज्यानं आपल्यावर तक्रार केली त्याच्याच घरात आपला माल? उद्या हाच पुरावा म्हणून दाखवेल! धाकटा खाटेवर बसून होता. म्हणाला, "दार बंद केलं तरी मला ते खोकं दिसत होतं, ताई."

मी म्हटलं, खोकं आहे, दिसणारच. एवढंच म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन टेबलं पुसत राहिले, सगळी चौदा. कोणी बसलं नव्हतं त्यांच्यावर.

१० एप्रिल, गुरुवार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

धाकटा माझ्याबरोबरच आला. माझी फाईल त्यानंच धरली होती, बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. खोलीत सहा खुर्च्या आणि करकरणारा पंखा. आमच्या आधी एका सभागृहवाल्याची पाळी होती, त्याला गाण्याच्या कार्यक्रमांची परवानगी हवी होती. शेजारच्या दाताच्या डॉक्टरनं आक्षेप घेतलेला, ढोलाच्या ठोक्याला माझा हात हलतो म्हणून. सगळे हसले. मीही हसले. धाकटा नाही हसला.

मग आमचा अर्ज. साहेबांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, "आक्षेप घेणारे हजर आहेत का?" मी दाराकडे बघत होते, शिंपी येतील म्हणून. माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"मी घेतलाय," धाकटा म्हणाला.

साहेबांनी अर्ज चाळला. "पण साठ्याची जबाबदार व्यक्ती तुम्हीच ना?"

"हो. म्हणूनच घेतला. चार वर्षांपूर्वी मी सकाळी तोंड धुवायच्या आधी प्यायचो, साहेब. आता पीत नाही. पण मी झोपतो त्या खोलीतच बाटल्यांचं दार, आणि किल्ली माझ्या खिशात. मी फार तर महिनाभर टिकेन. मला माझा अंदाज आहे. आणि आता पुन्हा प्यायलो तर वाचणार नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय."

"मग सही कशाला केलीत?"

"ताईनं कागद पुढे केला."

"अहो, घरी सांगायचं ना हे!"

"घरी हे बोललं जात नाही, साहेब."

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझी फाईल त्याच्या मांडीवर होती, तिचा बंद तो बोटाला गुंडाळत होता. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, अर्जात तुम्ही 'नाही' लिहिलंय. हे म्हणतात ते खरं, की अर्ज खरा?"

मी म्हटलं, "त्याचं पोटाचं दुखणं होतं, साहेब."

तोंडातून आपोआप बाहेर पडलं. कोणी पाहुणा विचारतो आणि आपण सांगतो, तसंच.

साहेबांनी धाकट्याला विचारलं, उपचारांचा काही कागद आहे का. नाही. ते सगळे कागद आईनं चुलीत घातले होते. साहेब म्हणाले, "कागद नसेल तर मला अर्जच धरावा लागतो." आक्षेप फेटाळला.

परत येताना धाकट्यानं मला पुन्हा खिडकीची जागा दिली.

११ एप्रिल, शुक्रवार

मी काय वाईट केलं? चारचौघांत त्याची अब्रू झाकली. त्या सहा खुर्च्यांवर अनोळखी माणसं बसली होती, त्यांच्यासमोर मी माझ्या भावाला दारुडा म्हणायचं? जन्मभर झाकलं ते त्याच्यासाठीच ना? आईनं मला मरताना सांगितलं होतं, त्याचं बाहेर जाऊ देऊ नकोस. मी शब्द पाळला.

आचारी माझ्याशी बोलत नाही. मीठ मागितलं तरी बरणी नुसती पुढे सरकवतो. धाकटा बोलतो, आणि ते जास्त जड जातंय. कालपासून तीनदा विचारलं, "ताई, गुडघे कसे आहेत?"

१५ एप्रिल, मंगळवार

परवाना मंजूर. सोमवारी येऊन घेऊन जा, असं पत्र आलंय. पत्र हातात घेऊन मी गल्ल्यावर बसले होते. किती हेलपाटे घातले ह्या कागदासाठी! आनंद व्हायला हवा होता. नुसती दमल्यासारखी बसून राहिले.

धाकटा आला. पत्र वाचलं. म्हणाला, "सोमवारच्या आत मी जातो. बैठकीतला एक जण सुतारकाम करतो, त्याच्या कारखान्यावर एक खोली आहे. भांडण नाही, ताई. फळ्या पक्क्या बसवल्यात, हलणार नाहीत. किल्लीचं बघ काहीतरी."

"म्हणजे मला एकटीला टाकून चाललास?"

"मला जगायचंय, ताई."

असं तो इतकं साधं म्हणाला की मला रागावता येईना. आत गेला आणि पिशवी भरायला लागला. त्याचे कपडे किती थोडे आहेत ते मला आज कळलं. मी तिथेच बसून होते, आणि जे सहा आठवडे मला दिसत होतं ते आज मी बघितलं. फळ्यांवरच्या पेन्सिलीच्या रेघा. लांब धरलेलं खोकं. मी आंधळी नव्हते. मी बघत नव्हते. मी माझ्या भावाला दारूच्या दारात झोपवत होते आणि वर म्हणत होते, त्याचा मान वाढेल.

रडू आलं. गिऱ्हाईक नव्हतंच, रडून घेतलं.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी दहाला खिडकीपाशी. म्हटलं, अर्जात एक चूक झालीय, 'नाही'चं 'होय' करायचंय. बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "तेवढं केलंत तर मंजूर झालेला परवाना रद्द होतो. खोटी माहिती दिली म्हणून पुढची पाच वर्षं अर्जही करता येत नाही. कळतंय का?" म्हटलं, कळतंय. "मिळालेला परवाना परत करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी जरा मऊ बोलली. "घरी जाऊन विचार करा. आणि हा दुरुस्तीचा कागद नीट भरून आणा, सगळे रकाने."

पाच वर्षांनी मी बासष्ट वर्षांची होईन. तोवर हॉटेल राहील असं वाटत नाही. आचाऱ्याला आधी सांगितलं, त्याचंही पोट ह्याच्यावर आहे. तो म्हणाला, "संध्याकाळी बंद ठेवू. सकाळी नाश्ता सुरू करू. मी पाचला येतो." आणि नंतर मीठ हातात दिलं, न मागता.

दुपारी कागद घेऊन धाकट्याच्या खोलीत गेले. पिशवी दाराशी होती. मी खुर्चीवर बसले, तो खाटेवर. रकाने होते, उपचार कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, किती दिवस. मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. मी विचारलं, "धाकट्या, दारू सोडवायला तू गेलास तिथे किती दिवस होतास?"

हा शब्द त्याच्यासमोर मी कधीच उच्चारला नव्हता. त्यानं माझ्या हातातला कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"एक्याण्णव," म्हणाला. मी लिहिलं. जागेचं नाव सांगितलं, तारखा सांगितल्या. मी लिहीत गेले. पुढचा रकाना होता, उपचारकाळातील जबाबदार नातेवाईक. मी माझं नाव लिहायला घेतलं.

"तिथे आचाऱ्याचं लिहावं लागेल, ताई. तिथल्या वहीत सगळ्या सह्या त्याच्याच आहेत. दर रविवारी चार ते सहा भेटायला सोडायचे. तो यायचा. मी सख्खा भाऊ आहे म्हणून सांगायचा, म्हणून आत घ्यायचे."

कागदाला भिणारा माणूस! मी पेन तसंच धरून बसले.

"मी येणार होते," मी म्हटलं. "पण हॉटेल सोडून कशी येणार?"

"रविवारी दुपारनंतर आपण बंद असतो, ताई."

तो रागानं नाही म्हणाला. आठवण करून दिल्यासारखं म्हणाला. मी आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आईचं अंथरूण, माझे गुडघे, आणि मिटलं. तेरा रविवार मी इथेच वर खोलीत पडून होते, पंख्याकडे बघत.

"मला लाज वाटायची," मी म्हटलं.

"कशाची?"

"तुझी."

म्हटलं खरं, आणि वाटलं आता हा पिशवी उचलून जाईल. तो पुढे सरकला, माझ्या हातातून पेन घेतलं.

"मलाही वाटायची," तो म्हणाला, आणि उरलेले रकाने त्यानं स्वतःच्या हातानं भरले. अक्षर सरळ होतं.